एका फोनचं काम

घरकाम करणाऱ्या मिसेस ओग्डनने चहाचा कप पाहुण्यापुढे ठेवला, तो आदळूनच.

"साखर नाहीये. रेशन आहे अजून," ती म्हणाली. फडताळात साखरेचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

"बिनसाखरेचाही चालेल मला," ब्रॉडरिकसाहेब म्हणाले. टोपी त्यांनी गुडघ्यावर धरली होती.

"चालवून घ्यावाच लागेल. खटला चालू होता तेव्हा सापडलं नाही वाटतं आमचं घर?"

"मिसेस ओग्डन, पुरे," तिचा मालक एड्विन थ्रेलफॉल म्हणाला, तशी ती बटाटे सोलायला स्वयंपाकघरात गेली. दार मात्र तिने मुद्दाम उघडं ठेवलं.

लढाईच्या वर्षांत ब्रॉडरिक त्याचे वरिष्ठ होते. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायचं काम. खोलीत चाळीस हुशार माणसं होती, आणि चाळीसही जणांचं अडलं की थ्रेलफॉलला झोपेतून उठवायचे. त्याच थ्रेलफॉलला गेल्या वर्षी कोर्टात उभं केलं. गुन्हा काय, तर एका पुरुषावर प्रेम केलं. तुरुंग नको असेल तर वासना मरावी म्हणून वर्षभर बायकांच्या हार्मोनची इंजेक्शनं घे, असा निकाल लागला. त्यांनी त्याची छाती बायकांसारखी वाढली, म्हणून तो मे महिन्यातही जाड लोकरी कोट घालून बसायचा. छातीचं त्याला एक वेळ चाललं असतं. भीती होती ती डोक्याची. रोज सकाळी तो एक गणित सोडवायला घ्यायचा आणि अर्ध्यावर ते निसटून जायचं. गरज सरो वैद्य मरो, म्हणतात. इथे तर वैद्याला मारायला दुसरा वैद्य नेमला होता, सरकारी पगारावर.

साहेबांनी आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर पाच-पाच अक्षरांच्या रांगाच रांगा होत्या.

"आमची पोरं सहा आठवडे यावर डोकं फोडतायत. गुप्त कामाचा तुझा पास रद्द झालाय, ठाऊक आहे मला. मी इथे आलो हे कुणाला कळता कामा नये. पण एकदा नजर टाक. देशाचं काम आहे."

बघायचं नाही असं ठरवूनच थ्रेलफॉलने कागद हातात घेतला. मग पहिली ओळ बघितली. मग दुसरी. अकराव्या ओळीशी त्याचा अंगठा थांबला, मागे चौथ्या ओळीवर गेला, परत अकराव्या ओळीवर आला. पाठवणाऱ्याने आळस केला होता. एकदा वापरलेली सांकेतिक लिपीची किल्लीच उलटी करून पुन्हा वापरली होती. बस, एवढंच होतं.

त्याला हसू फुटलं. डोकं शाबूत होतं. इतके महिने सुया टोचूनही त्यांचा हात तिथवर पोचला नव्हता. त्याला इतका आनंद झाला, की या माणसाला माफ करावं आणि उत्तर सांगून मोकळं व्हावं, असंच त्याच्या मनात आलं. त्याने तोंड उघडलंही.

साहेबांना वाटलं, आता हा किंमत सांगणार. ते घाईघाईने म्हणाले, "फुकट नाही मागत मी. तुझी इंजेक्शनं थांबवतो. एका फोनचं काम आहे."

थ्रेलफॉलने उघडलेलं तोंड मिटलं.

"एका फोनचं?"

"हो. वर आपला माणूस आहे. उद्या सकाळीच करतो."

स्वयंपाकघरात सुरीचा आवाज थांबला. थ्रेलफॉलची कानशिलं तापली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाला तरी मारावंसं वाटलं.

"कायद्यापुढे कुणाचं काही चालत नाही, असं तुम्ही मला पत्रात लिहिलं होतं, सर. मी काय मागितलं होतं? एवढंच, की कोर्टात या आणि सांगा, हा माणूस लढाईत कामाला आला. काय काम ते नका सांगू."

"तेव्हा गुप्ततेचा प्रश्न होता. तू बांधलेला, मीही बांधलेला."

"हो ना. वकिलाने विचारलं, देश लढत होता तेव्हा तुम्ही कुठे होता? मी म्हटलं, एका ऑफिसात कागद चाळत होतो. सगळं कोर्ट हसलं."

साहेबांनी चुळबुळ केली. "झालं ते झालं. तुला सुटलंय, थ्रेलफॉल. ते हसू मी ओळखतो."

"सुटलंय."

"मग सांग."

"खोलीतलं काम खोलीबाहेर बोलायचं नाही. मी सही केलीये तशी. तुमच्याच टेबलावर केली होती."

"अरे, ती लढाईतली सही."

"गेल्या वर्षी कोर्टात चालू होती."

थ्रेलफॉलने कागदाची होती तशी घडी घातली आणि ती त्यांच्या टोपीत ठेवली.

"उत्तर मिळणार नाही," तो म्हणाला. "पण बाहेर दाराशी फोन आहे. जाता जाता तुमच्या त्या माणसाला करायचा तर करा. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

ब्रॉडरिकसाहेब उठले. फोनपाशी जाऊन ते थांबले. टोपीतला कागद काढून त्यांनी आतल्या खिशात ठेवला, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि दार उघडून बाहेर पडले.