चित्रात नसलेला क्लॅम्प

मुलाने फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यात कपाटाच्या दाराची नक्षी काढली आणि कोरीवकामाच्या मशीनचं बिट, म्हणजे कोरणारं टोक, लाकडावर कुठून कसं फिरणार ते मला पडद्यावर दाखवलं. "बघ आई, लोण्यातून सुरी!" मग खरंखुरं मशीन सुरू केलं, तर बिट थेट फळी दाबून धरणाऱ्या लोखंडी क्लॅम्पवर आपटलं. असा आवाज झाला, की शेजारच्या ठार बहिऱ्या आजोबांनी "कोण आहे?" म्हणत दार उघडलं.

"अरे, एवढा ढळढळीत क्लॅम्प दिसला नाही त्याला?"

"मी चित्रात काढलाच नव्हता ना. जे काढलं नाही, ते त्याच्या लेखी नसतंच, आई."

तेव्हापासून पोरगा शहाणा झालाय, काही म्हणजे काही काढायचं विसरत नाही. शेडमध्ये ओल येते म्हणून मशीन आता माझ्या खोलीत हलवायचंय, तर त्याने खोलीचं चित्रही काढून ठेवलंय. मशीन, धूळ ओढायचा पंप, फळ्यांची चळत, अगदी मांजरीची टोपलीसुद्धा आहे त्यात.



चष्मा पुसून पुसून पाहिलं, माझी खाट तेवढी कुठे दिसली नाही.