चिंचेखालचा संघ

“चर्चच्या पंचांच्या आशीर्वादानं आपला तरुण संघ सुरू झाला,” सुवर्णमहोत्सवात सेक्रेटरी इतिहास वाचत होते.

पहिल्या बाकावर हार घालून बसवलेल्या सलोमीबाईंचं डोकं सणकलं. आशीर्वाद कसला? उपासनेत ढोलकी वाजवली म्हणून त्या पंचांनीच तरण्या सलोमीला मैत्रिणींसकट बाहेर काढलं होतं. मग पोरी दारासमोरच्या चिंचेखाली गात बसल्या. तोच हा संघ!

बाईंनी हार काढून बाकावर ठेवला, कोपऱ्यातली ढोलकी उचलली आणि तरातरा जाऊन चिंचेखाली बैठक मारली. मागोमाग संघाची सगळी पोरं बाहेर आली.

सेक्रेटरी दारात धावले. “बाई, इतिहास आत वाचतोय आम्ही!”

“तो इथं घडलाय. ऐकायचा असेल तर या, मातीत बसा,” बाई म्हणाल्या आणि ढोलकीवर थाप पडली.