निघालो

"हा रविवार. हाही रविवार. आणि हा बघ, पुन्हा रविवारच!" हृदयरोगतज्ज्ञाने आलेखावर बोट आपटले. "आई, रविवारी दुपारी तू करतेस तरी काय?"

आई समोर, रुग्णांच्या खुर्चीत बसली होती. स्वयंपाकघरात बेशुद्ध पडलेली ती शेजारणीला सापडली, त्यानंतर मुलाने तिच्या छातीवर ठोके नोंदवणारे यंत्र आणि दंडावर साखर मोजणारी चकती बसवून घेतली. स्वतः नव्हे, सहायक पाठवून. त्याच्या व्यासंगाविषयी मात्र कुणी शंका घेऊ नये. रक्तातली साखर घसरल्यावर हृदयाचा ताल कसा बिघडतो, हाच त्याचा विषय होता. त्यावर बोलण्यासाठी तो समुद्र ओलांडून जाई. आईचे घर याच शहरात असल्यामुळे तेवढे लांब पडे.

त्याने दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले. वर साखरेची रेघ दरीत कोसळत होती. खाली ठोके अडखळत होते. एक घाईने, एक उशिरा, मग नको इतकी लांब शांतता.

"साखर एवढी उतरली की पोटॅशियमही उतरतं. हृदयाचा ताल चुकतो. एखाद्या वेळी तो परत सापडतच नाही, कळतंय का? इन्सुलिन घेऊन उपाशी बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे."

"उपाशी कुठे? ताटं वाढलेली असतात की."

"ताटं?"

"दोन. तुझा निरोप येतो ना, 'निघालो' म्हणून. तो आला की मी इंजेक्शन घेते. टोचल्यावर जरा थांबून जेवायचं, असं तूच सांगितलंस. तू आल्यावर घेतलं तर तुला ताटकळावं लागेल. आधीच तुला घाई."

'निघालो' हे तो दवाखान्यातल्या आपल्या याच खुर्चीत बसून लिहीत असे. मग कुणाचा आलेख येई, कुणाचा फोन येई, आणि दुपार कलल्यावर दुसरा निरोप जाई: आज जमत नाही, जेवून घे.

"पण घाम फुटतो, हात थरथरतात, तेव्हा तरी दोन घास खायचे!"

"खाणारच असते रे. तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजल्यासारखं वाटतं."

उत्तर द्यायचे होते मुलाने. ते काम नेहमीप्रमाणे त्याच्यातल्या डॉक्टरने अंगावर घेतले. तो खाकरला, चष्मा सारखा केला आणि ठाम आवाजात म्हणाला, "यापुढे एकच नियम. मी दारातून आत पाऊल टाकेपर्यंत इन्सुलिन घ्यायचं नाही."

आईने या सूचनेचा मनापासून विचार केला. टोमणा मारणे तिच्या स्वभावातच नव्हते.

"अरे," ती काळजीने म्हणाली, "मग साखर किती चढेल!"