खातं कुणी उघडलं?

ऑफिसात सगळ्यांना खोटे मेल ओळखायला शिकवणारी ती, भर दुपारी केबिनचं दार लावून, वारलेल्या ताईचं खातं उघडून बसली होती. ताईनं आपल्याविषयी कुणाला काय लिहिलं, एवढंच तिला बघायचं होतं. पासवर्ड पहिल्याच फटक्यात जुळला. तो तिच्याच लाडाच्या नावाचा निघाला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी ती वाचतच राहिली.

इतक्यात त्याच खात्यात इशाऱ्याचा मेल आला. "तुमचं खातं कुणीतरी उघडलंय. तुम्हीच का?"

तिनं पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासला. मेल अस्सल होता.

"जेवायला येतेस ना गं?" दाराबाहेरून मैत्रिणीनं विचारलं.

"आलेच!" ती दाराकडे बघत म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिनं परत पडद्याकडे पाहिलं. ताईच्या खात्यातून इशाऱ्याला नुकतंच उत्तर गेलं होतं.

"धाकटी आहे माझी. वाचू दे तिला."