डायनामोची सायकल

मुखरूने ब्रह्मपुरीच्या बाजारात डायनामोच्या दिव्याची जुनी सायकल विकत घेतली. सीटच्या कातड्यावर चार लांब ओरखडे होते. पण गावातला पहिला विजेचा दिवा आपलाच, म्हणून गडी खुशीत होता.

"मालकानं काऊन विकली?" बायकोने, कमळाने, विचारलं.

"त्याले आता लागत नाई म्हणे."

परतताना जंगलातच दिवस बुडाला. कॅरिअरवर बसलेली कमळा एकदम म्हणाली, "थांबा जी. इथी दगडाचा ढीग दिसून राह्यला. मागच्या महिन्यात नव्हता."

वाघाने माणूस नेला, की त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेक दगड ठेवायचा, हा तिकडचा रिवाज. मुखरूने सायकल स्टँडवर लावली. चाक थांबलं तसा दिवाही विझला. चाचपडत त्याने एक दगड उचलला, ठेवायला वाकला, आणि ढिगावर लख्ख उजेड पडला.

"कमळा, पायडल नोको फिरवू. आलोच मी."



"मी कुठी फिरवून राह्यली?" कमळा त्याच्या कानाशीच म्हणाली. ती त्याच्या शेजारी वाकली होती, हातात आपला दगड घेऊन.