पेरलेलं घर

डोंगरउतारावरची जमीन इंदुताई ढमाल्यांच्या मालकीची होती, पण तिथं बांधकामाला सरकारी बंदी होती. म्हणून त्यांनी घराचं बी पेरलं आणि तीन वर्षं शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढली. भिंती उगवल्या, छप्परही धरलं.

पाहणीला आलेले तलाठी चिडले. "हे अनधिकृत बांधकाम पाडावं लागेल!"

"बांधलंय कुठं, भाऊसाहेब? उगवलंय."

तलाठ्यांनी भिंतीला यंत्र टेकवलं. त्यावर 'झाड' अशी नोंद उमटली.

"मग वृक्षकायदा लागू," ते म्हणाले. "दारासाठी ढलपीसुद्धा काढता येणार नाही."

इंदुताई हसल्या. त्यांनी भिंतीवर फुगलेली पुरुषभर उंचीची कळी दाखवली.

"कापतंय कोण? चैत्रात उमलेल. तेव्हा चहाला या."