तळ्याच्या मधोमध

“इथे नांगर टाकायचा?” लोवेलने विचारलं.

“इथेच,” सासरा म्हणाला. कॉफीच्या डब्यात सिमेंट ओतून केलेला तो नांगर त्याने पाण्यात सोडलासुद्धा.

लोवेलला नवल वाटलं. तळं तसं एवढंसं, खडा भिरकावला तर पलीकडच्या काठाला लागेल असं. सप्टेंबरात रात्री जरा गार झाल्या, की बास मासा काठाच्या उथळ पाण्यात येतो आणि गवतातल्या बारक्या माशांवर तुटून पडतो. अलाबामातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. लोवेल बाहेरगावचा, त्याला हे शिकवलं होतं सासऱ्यानेच. आणि तोच सासरा, हॉयट, आज सगळ्यांत खोल पाण्यात होडी उभी करून बसला होता.

“काठाला जाऊ या का, बाबा? उड्या मारतायत बघा तिकडे.”

“मारू देत. तू शेंगा खा.”

शेंगा डार्लाने पहाटे उठून उकडल्या होत्या, थर्मास भरून कॉफीही दिली होती. एरवी शनिवारी ती उन्हं वर येईपर्यंत उठायची नाही. बायकोने एवढ्या मायेने दिलेल्या शेंगा, पण लोवेल त्या नुसत्याच हातात खेळवत होता.

ह्यूस्टनच्या बंदरात क्रेन चालवायची नोकरी त्याला मिळाली होती. होकार आज दुपारी बाराच्या आत कळवायचा होता. लग्न झाल्यापासून तो घरजावई होऊन हॉयटच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये राबत होता. अंगाचा वास साबणाने जात नव्हता. गावात त्याला कोणी लोवेल म्हणत नसे, ‘हॉयटचा जावई’ म्हणत. जीव नुसता गुदमरत होता. चल माझ्याबरोबर, असं त्याने डार्लाला म्हणून पाहिलं होतं.

“बाबांना एकटं टाकून मी कुठेही यायची नाही,” ती म्हणाली होती, आणि भांडी घासायला वळली होती.

मग लोवेलने ठरवलं, थेट म्हाताऱ्यालाच विचारायचं. तो एकदा ‘जा’ म्हणाला की डार्लाची अडचण मिटली. होडीत दोघंच असतात. तिथे विचारायचं.

“बाबा, एक बोलायचं होतं.”

“बोलण्याने मासा पळतो.”

“इथे मासाच नाही.”

“मग उरलं कोण पळायला? गप्प बस.”

एरवी असं काही बोलला की हॉयट स्वतःच खो खो हसायचा. आज हसला नाही. त्याने दोरीला गळ बांधला, त्यावर रबरी गांडूळ खोचलं आणि काठी झटकली. गाठ सुटली. गळ, गांडूळ, सगळंच पाण्यात गेलं.

लोवेल बघत राहिला. या माणसाने बांधलेली गाठ सुटलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

“वय झालं, जावईबापू,” हॉयट पुटपुटला. “वाजले किती?”

“दहा. मघाशी सांगितलं की.”

“हो, हो. सांगितलंस.”

आणि थोड्या वेळाने पुन्हा, “वाजले किती?”

लोवेलने म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं. जागा चुकतेय, गाठ विसरतोय, तेच तेच विचारतोय. लोवेलच्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ते आपल्याच अंगणात उभं राहून आपलं घर कुठे म्हणून विचारायचे. डार्लाच्या हे लक्षात आलं असणार. म्हणूनच तिचा पाय निघत नसणार, आणि आपण मात्र तिच्यावर मनातल्या मनात चरफडत राहिलो.

“बाबा, घरी जाऊ या. ऊन लागतंय तुम्हाला.”

वल्ही हॉयटच्या पायाशी होती. त्याने दोन्ही बूट त्यांच्यावर घट्ट रोवले. “नाही. अजून नाही.”

“डार्ला वाट बघत असेल.”

“नाही बघत ती. तू बस ना माझ्यापाशी.” म्हातारा लहान पोरासारखा हट्टाला पेटला होता. “तू चांगला पोरगा आहेस, लोवेल. आपल्याच कोणाला असं वागवायची वेळ कुणावर येऊ नये.”

त्याचे डोळे भरले. त्याने टोपी पुढे ओढली.

ते शेवटचं वाक्य लोवेलला नीटसं कळलं नाही. त्याने तेही दुखण्याच्या खात्यात टाकलं. त्याला म्हाताऱ्याचा राग आला, नशिबाचा आला, आणि मग कशाचाच येईना. इकडे चार हातांवर काठ आणि तिकडे ह्यूस्टन, दोन्ही सारखीच लांब. पण अशा माणसाला सोडून जायला तो काही कसाई नव्हता. शिवाय डार्ला होती. ती जिथे, तिथे तो.

त्याने खिशातून फोन काढला. ‘माफ करा, मला येता येणार नाही,’ एवढं लिहून पाठवून दिलं. लगेच तिकडून उत्तर आलं, की ठीक आहे, दुसरा माणूस तयारच आहे.

दार बंद झालं होतं. लोवेलने मोठा श्वास घेतला आणि सासऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बाबा, मला ह्यूस्टनला नोकरी लागली होती. आत्ता नको म्हणून कळवलं. तुम्ही कसली काळजी करू नका. मी आणि डार्ला कायमचे इथेच राहणार, तुमच्याजवळ.”

हॉयटने टोपी काढली. तो लोवेलकडे बघतच राहिला, अगदी डोकं ठिकाणावर असलेल्या माणसासारखा. मग त्याने पाय मागे घेतले, घाईघाईने नांगर वर ओढला आणि दोन्ही वल्ही लोवेलच्या हातात कोंबली.

“मार पोरा, जोरात वल्ही मार,” तो म्हणाला. “बारापर्यंत तुला तळ्यावर अडकवून ठेवा म्हणाली होती डार्ला, तेवढ्यात सामान गाडीत भरून ती तुला सोडून निघून जाणार होती.”